तुम्ही विचारलेत म्हणून: जुन्या संगणकासाठी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कोणती?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो: ‘संगणक चालतो आहे, पण विंडोज ११ त्याला नको म्हणते, मग त्यावर एखादे हलके लिनक्स (विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकता येईल का, आणि टाकायचे तर नेमके कोणते?’ विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे एरवी धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एका तारखेला बाद ठरली. विचारणाऱ्याला बहुधा एक नाव हवे असते, म्हणून ते आधी सांगून टाकते. प्रोसेसर ६४-बिट (म्हणजे एका वेळी माहितीचे ६४ बिट हाताळणारा; त्याआधीचे ३२-बिट असत) आणि रॅम ४ जीबी असेल, तर डेबियन या लिनक्सवर एक्सएफसीई हा डेस्कटॉप (पडद्यावरच्या खिडक्या आणि मेन्यू यांची मांडणी) घ्यावा किंवा त्याच पायावर उभे असलेले एमएक्स लिनक्स घ्यावे. रॅम २ जीबीच्या आसपास असेल तर अँटीएक्स हे लिनक्स घ्यावे. त्याहून कमी असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही घ्या, आजचे इंटरनेट त्या यंत्रावर सुखाने चालणार नाही.

नाव सांगून झाले तरी माझे उत्तर संपत नाही, कारण अशा यंत्राचे भवितव्य वितरणाच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या) नावावर फार थोडे अवलंबून असते. लिनक्सची वितरणे शेकड्यांनी असली तरी त्यांच्या पोटात गाभा (कर्नेल) एकच असतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कर्नेलचीच कोणती ना कोणती आवृत्ती सगळीकडे चालते. हलके आणि जड हा फरक प्रामुख्याने त्या कर्नेलवर बसवलेल्या डेस्कटॉपमुळे आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांमुळे पडतो. नोमसारखा भरजरी डेस्कटॉप संगणक नुसता सुरू झाल्याबरोबर एक जीबी किंवा त्याहून अधिक रॅम अडवून बसतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी साधारण त्याच्या निम्म्यात भागवतात. आणि आइसडब्ल्यूएमसारखा नुसता खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम वापरणारे अँटीएक्स दोन-अडीचशे एमबीच्या आसपास स्थिरावते. म्हणजे सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या पर्यायातला फरक, सरळ हिशेब केला तर, फार तर एक जीबीचा आहे. ८ जीबी रॅम असलेल्याला तो जाणवणारही नाही, पण २ जीबी असलेल्याच्या दृष्टीने तो संगणक चालण्याचा आणि न चालण्याचा फरक आहे.

ही वाचवलेली रॅम नंतर जाते कुठे, तर ब्राउझरच्या पोटात. ईमेल, नकाशे, बँकेचे संकेतस्थळ आणि एखादा चालू असलेला व्हिडिओ एवढे चार टॅब उघडले की ब्राउझर एकटाच दीड-दोन जीबी सहज घेतो, आणि तो विंडोजवर जेवढा खादाड असतो तेवढाच लिनक्सवरही असतो. म्हणून ‘कोणते लिनक्स?’ या प्रश्नाला माझा पहिला उलटप्रश्न असतो की या संगणकावर एका वेळी किती टॅब उघडले जाणार आहेत. पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, गाणी ऐकणे आणि पीडीएफ वाचणे एवढेच काम असेल, तर १ जीबी रॅमही पुरते. लिब्रे ऑफिस सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, पण एकदा उघडले की लिहिणाऱ्याच्या बोटांना ते अडवत नाही.

दुसरा प्रश्न डिस्कचा, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण संगणक ‘म्हातारा झाला’ असे लोक ज्याला म्हणतात ते बहुतेक वेळा म्हाताऱ्या डिस्कचे दुखणे असते. लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, आणि इकडेतिकडे विखुरलेली माहिती गोळा करायची झाली की तिचे वाचणारे टोक सेकंदाला जेमतेम शंभर वेळा जागा बदलू शकते. संगणक सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, त्या वेळी प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत असतो. साटा या नेहमीच्या जोडणीची साधी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. त्यामुळे पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील आणि रॅम निदान ४ जीबी असेल, तर ते एसएसडीवर करावेत, असे मी निःशंकपणे सांगते. जड लिनक्स काढून हलके टाकल्याने जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक या बदलाने पडतो. मात्र रॅम २ जीबीच असेल आणि मदरबोर्ड अधिक रॅम स्वीकारत असेल, तर आधी रॅम वाढवावी. काही जुन्या चिपसेटना (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपना) ४ जीबी बसवली तरी सव्वातीनच्या आसपासच दिसते, एवढे मनात धरून ठेवावे म्हणजे नंतर दुकानदाराशी वाद होत नाही.

तिसरा प्रश्न ३२-बिट की ६४-बिट, आणि याचे उत्तर लोक बहुधा चुकीचे देतात. संगणकावर ३२-बिट विंडोज होती म्हणून प्रोसेसरही ३२-बिटच असणार असे ते धरून चालतात. वास्तविक २००६ मध्ये आलेला इंटेलचा कोअर टू डुओ पूर्णपणे ६४-बिट आहे, आणि त्यावर वर्षानुवर्षे ३२-बिट विंडोज चालवली गेली, एवढेच. प्रोसेसरचे नेमके नाव बघून खात्री करून घेणे महत्त्वाचे आहे, कारण ३२-बिटच्या बाजूची दारे एकेक करून बंद होत आली आहेत. गूगल क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडले. उबुंटू या वितरणाने डेस्कटॉप आवृत्तीची ३२-बिट इन्स्टॉलेशन फाइल २०१७ मध्ये थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नेल दिलेले नाहीत. फायरफॉक्सची १४४ ही आवृत्ती ३२-बिट लिनक्ससाठी शेवटची ठरली. तेव्हा यंत्र खरोखरच ३२-बिट असेल, तर त्याला इंटरनेटवर नेण्याचा विचार आता सोडून द्यावा हे बरे.

आता वितरणांविषयी. ‘हलके’ हे विशेषण कोणीही कोणालाही लावतो, आणि त्यात नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असाही प्रकार पुष्कळ आढळतो: उबुंटूचा नेहमीचा पाया घ्यायचा, त्यावर नवी भिंतचित्रे आणि चिन्हे चढवायची आणि पाच वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर ते पळते म्हणून त्याला हलके म्हणायचे. माझी पसंती डेबियनला आहे, ती ते सर्वांत हलके आहे म्हणून नव्हे. त्याच्या एका आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण पाठिंबा आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन पाठिंबा मिळतो, आणि ज्याच्यासाठी आपण संगणक तयार करून देतो आहोत त्याला दर वर्षी नव्याने काही शिकावे लागत नाही. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये वायफायचे फर्मवेअर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) नसे ही जुनी तक्रार खरी होती. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळते. एमएक्स लिनक्स हे अँटीएक्स आणि पूर्वीच्या मेपिस या वितरणाच्या मंडळींनी मिळून उभे केले. डेबियनच्या इन्स्टॉलरचे रुक्ष प्रश्न नको असतील आणि ड्रायव्हर, बॅकअप, पेन ड्राइव्ह या सगळ्यांची साधने हाताशी हवी असतील, तर ते घ्यावे. लुबुंटू आणि झुबुंटू ही उबुंटूची हलकी रूपेही चांगली आहेत, पण त्यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना तीनच वर्षे पाठिंबा मिळतो.

अँटीएक्सची गंमत वेगळी आहे. त्याचे कर्ते २५६ एमबी रॅमच्या पेंटियम थ्रीचेही नाव घेतात, पण स्वतः ५१२ एमबीची किमान शिफारस करतात, आणि हा प्रामाणिकपणा मला आवडतो. त्यात सिस्टीमडी (यंत्र सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्राम) नाही, यावरून लिनक्सच्या जगात जे रणकंदन चालते त्यात सामान्य वापरणाऱ्याने पडू नये. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की यंत्र लवकर सुरू होते. मात्र त्याचा चेहरा खडबडीत आहे आणि पहिल्या दिवशी मेन्यूत हरवायला होते, म्हणून सवय नसलेल्या माणसाच्या हाती ते देताना चार-पाच आवश्यक प्रोग्रामची चिन्हे पडद्यावर आपण स्वतः मांडून द्यावीत. पपी लिनक्स बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केले. ते स्वतःला संपूर्णपणे रॅममध्ये चढवते आणि केलेले बदल एका वेगळ्या फाइलमध्ये साठवते. हार्ड डिस्क मेलेल्या लॅपटॉपमधून काम काढून घ्यायला किंवा डिस्कवरची छायाचित्रे वाचवायला त्याच्यासारखे दुसरे नाही. पण त्यात परंपरेने सगळे काम रूट या सर्वाधिकारी खात्यातूनच चालते, म्हणून रोजच्या बँकेच्या व्यवहारांसाठी मी ते सुचवत नाही. टायनी कोअर अवघ्या वीस-पंचवीस एमबीत मावते, हे पाहून थक्क व्हावे आणि पुढे जावे. बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा वारसा चालवणारे हायकू सुंदर आहे आणि जुन्या यंत्रावर आश्चर्यकारक चपळाईने चालते, पण त्याची बीटा आवृत्तीच अजून हाती आहे. यांपैकी फार छोट्या वितरणांत देवनागरीसारख्या लिप्यांचे फाँट नसतात आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. नोटो किंवा लोहित हा फाँट घातला की काम होते.

काहीही डिस्कवर उतरवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून पाहावे, आणि पाहताना नुसता डेस्कटॉप दिसला म्हणून खूश होऊ नये. वायफाय लागते का, आवाज येतो का, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होतो का, आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का, या चार गोष्टी तपासाव्यात. जुन्या लॅपटॉपवर सर्वाधिक त्रास शेवटची गोष्टच देते. पेन ड्राइव्हवरून चालताना सगळे संथ वाटते, त्यावरून मत बनवू नये.

इथे एक नेहमी आढळणारा प्रकार सांगते. वर्षभर कपाटात पडलेला लॅपटॉप बाहेर काढला जातो, नवे लिनक्स चढते, वायफायची खूणही हिरवी होते, आणि तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. ब्राउझर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे बजावतो आणि दोष बिचाऱ्या लिनक्सवर येतो. अशा वेळी आधी कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते, आणि संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला अजून अस्तित्वातच आलेले नसते, म्हणून ब्राउझर ते नाकारतो. तारीख हाताने दुरुस्त केली की सगळी संकेतस्थळे उघडतात, आणि बॅटरी बदलली की दुखणे परत येत नाही. डेस्कटॉपमध्ये ही बॅटरी सहसा सीआर२०३२ असते. लॅपटॉपमध्ये पुष्कळदा तीच वायरीसह येते.

दुसरी हमखास येणारी तक्रार व्हिडिओची. जुन्या प्रोसेसरवर यूट्यूब अडखळते, कारण यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ पाठवते आणि तो उलगडण्याची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घोंघावू लागतो. ब्राउझरला एक छोटे एक्स्टेन्शन जोडून एच.२६४ याच जुन्या पद्धतीचा व्हिडिओ मागवता येतो, आणि इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजसारख्या चिप तो हार्डवेअरच्या मदतीने उलगडू शकतात. त्यासोबत व्हिडिओ ७२० रेषांवर ठेवला, तर लहान पडद्यावर काही बिघडत नाही.

रॅम कमी असेल तर झेडरॅम चालू करावे. यात रॅमचाच एक भाग माहिती दाबून साठवण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे तूर्त न लागणारी माहिती फिरत्या डिस्कवर लिहून ठेवण्याची वेळ लवकर येत नाही आणि यंत्र गोठण्याचे प्रसंग कमी होतात. रॅम किती उरली हे पाहताना ‘फ्री’ या आज्ञेच्या तक्त्यात ‘फ्री’ नावाचाच रकाना बघून पुष्कळजण घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशेसाठी (तात्पुरत्या साठ्यासाठी) वापरते आणि गरज पडली की लगेच सोडते, त्यामुळे पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’ हा आहे.

काही यंत्रांना मात्र मी सरळ नाही म्हणते. इंटेल अॅटम प्रोसेसरच्या ज्या नेटबुकांत (छोट्या लॅपटॉपमध्ये) जीएमए ५०० किंवा जीएमए ३६०० ही ग्राफिक्स चिप आहे, तिथे मूळ तंत्र इंटेलचे नसून पॉवरव्हीआरचे असल्याने लिनक्समध्ये नीट ड्रायव्हर कधी मिळालाच नाही, आणि हलके लिनक्स टाकूनही खिडकी सरकवताना पडदा अडखळत राहतो. काही स्वस्त टॅब्लेट-लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४-बिट पण यूईएफआय (यंत्र सुरू करणारा मदरबोर्डातला प्रोग्राम) ३२-बिट असते. तिथे बहुतेक वितरणांचा पेन ड्राइव्ह बूटच होत नाही, डेबियनचा मात्र होतो. आणि जे यंत्र खरोखर ३२-बिट आहे, त्यावर डेबियन १२ किंवा नेटबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून त्याला घरातल्या जाळ्यापुरतेच ठेवावे: फायली साठवायला, यूएसबीचा जुना प्रिंटर सर्वांना वापरता यावा म्हणून त्याला जोडायला, किंवा ज्याला लिहिताना इंटरनेट समोर नको असते अशा माणसाला नुसते लिहायला.