ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन: रंग पाहून माल पास करू नका

पॅसिव्हेशन म्हणजे झिंक प्लेटिंगवर गंज रोखायला बसवलेला क्रोमियमचा पातळ थर; जुना थर हेक्सचा (सहाव्या अवस्थेतल्या क्रोमियमचा), नवा ट्रायव्हॅलंट म्हणजे ट्रायचा (तिसऱ्या अवस्थेतल्या क्रोमियमचा). हेक्सच्या पिवळ्या बाथवर (द्रावणाच्या टाकीवर) वर्षानुवर्षे हात बसलेला ऑपरेटर जॉब, म्हणजे प्लेटिंग केलेला भाग, उजेडात धरतो, सोनेरी पिवळ्यावर हिरवी-लाल झाक दिसली की माल पुढे सोडतो. त्या बाथमध्ये हे चालत होतं, कारण तो पिवळेपणाच थरात अडकलेल्या हेक्सचा होता. ओरखडा पडला की ओलाव्याबरोबर तेच हेक्स विरघळून उघड्या झिंकवर यायचं आणि जखम भरून काढायचं. हाताला लागणारं, पाण्यात उतरणारं आणि कॅन्सरला कारण ठरणारं क्रोमियमही तेच. म्हणून युरोपच्या रोह्स (घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या) नियमाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत त्यावर वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा घातली.

ट्रायमध्ये क्रोमियम आधीपासूनच तिसऱ्या अवस्थेत असतं. आम्ल झिंकचा वरचा थर किंचित खातं, तिथल्या तिथे पीएच चढतो आणि क्रोमियमचं हायड्रॉक्साइड पृष्ठभागावर बसतं. पातळ निळा थर साधारण ०.०६ ते ०.१ मायक्रॉनचा, जाड थर ०.३ मायक्रॉनच्या आसपास. हा थर स्वतःला भरून काढत नाही. त्यामुळे सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या फवाऱ्यातल्या गंजचाचणीत) जास्त तास टिकायला हवं असेल तर वरून सिलिकेटचा सीलर लागतोच; त्यावर पैसे वाचवू नयेत. 'पिवळा ट्राय' म्हणून मिळतो त्यातला पिवळा रंग बहुतेक वेळा डायचा (वरून घातलेल्या रंगद्रव्याचा) असतो, गंजरोधाशी त्याचा काही संबंध नाही.

क्रम असा ठेवा: प्लेटिंगनंतर दोन रिन्स (पाण्याने धुणं), मग पाव ते अर्धा टक्का नायट्रिक आम्लात ५ ते १० सेकंदांची बुडी, पुन्हा रिन्स, मग पॅसिव्हेशन. अल्कलाइन झिंकच्या मालाला नायट्रिकची बुडी टाळू नका, नाहीतर प्रत्येक बॅरल (सुटे जॉब भरून फिरवायचा भोकांचा पिंप) आपल्याबरोबर अल्कली आणतो आणि बाथचा पीएच चढवत नेतो. जाड थराच्या बाथला पीएच साधारण १.८ ते २.२ आणि वेळ ४५ ते ६० सेकंद. तापमान फॉर्म्युल्यावर ठरतं, जुने ६० अंशांवर चालतात, कोबाल्टवाले बरेचसे ३० ते ४० वर. सप्लायरचा तक्ता यात शेवटचा शब्द. पीएच मीटरनेच मोजा, रोज बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला) लावून. पीएचच्या कागदी पट्टीवर १.८ आणि २.२ मधला फरक ओळखता येत नाही आणि सगळा खेळ तिथेच आहे. पीएच चढला की थर पातळ आणि धुरकट होतो, फार उतरला की बाथ झिंक खात सुटतो. खाली झिंक किमान ८ मायक्रॉन असू द्या.

आता लोखंड. ट्राय बाथ बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. बॅरलमधून निसटलेला एक बोल्ट टाकीच्या तळाशी पडतो. झिंक तासाभरात विरघळतं, पुढे उघडं पोलाद आम्लात मुरत राहतं. दुसरा स्रोत पोकळ नळ्यांचा: आत प्लेटिंग पोहोचत नाही, त्यामुळे प्रत्येक बुडीला आतली भिंत थोडं लोखंड सोडते. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या पुढे लोखंड गेलं की सॉल्ट स्प्रेचे तास झपाट्याने घसरतात. आणि गंमत नाही, खरा धोका हा: लोखंड वाढलं की निळ्या थरावर पिवळसर झाक येते. हेक्सवर तयार झालेला डोळा तिलाच चांगला थर समजतो. रोज शिफ्टअखेर चुंबक फिरवून तळातले जॉब काढा, आठवड्याला लोखंड तपासा, आणि प्रमाण वाढत राहिलं तर आयन एक्स्चेंज रेझिन (द्रावणातलं लोखंड धरून ठेवणारे दाणे) लावा. झिंकही साठतं, लिटरला १० ग्रॅमच्या आसपास पोहोचलं की थर मंद दिसू लागतो, तेव्हा बाथचा काही भाग बदलावा.

जुन्याच टाकीत ट्राय भरू नका. प्लास्टिकच्या भिंतींत, बॅरलच्या भोकांत, जिगच्या (जॉब टांगायच्या चौकटीच्या) कोटिंगच्या चिरांत हेक्स मुरलेलं असतं आणि महिनोन्महिने झिरपत राहतं. टाकी नवी घ्या; बॅरल आणि रिन्सच्या टाक्या सोडियम मेटाबायसल्फाइटच्या आम्लधर्मी द्रावणाने धुवा. बाथमध्ये फ्लोराइड असेल तर क्वार्ट्झचा हीटर खाल्ला जातो, टेफ्लॉनचा लावा.

हेक्स गेलं का, याचा निवाडा डोळ्याने होत नाही. ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग ५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, जॉब काढा, गार झाल्यावर डायफेनिलकार्बाझाइड आणि आम्ल घाला. जांभळट गुलाबी छटा आली तर हेक्स आहे. ट्राय या परीक्षेत रंग देत नाही. कोबाल्टच्या थरावर ही चाचणी ताज्या मालाबरोबर साठवलेल्या मालावरही करा, कारण दमट हवेत अशा थरात पुन्हा थोडं हेक्स तयार होऊ शकतं.

सांडपाण्यात हेक्सची रिडक्शन पायरी लागत नाही, पीएच ८.५ ते ९ वर नेऊन क्रोमियम खाली बसवायचं. पण बाथमधली सेंद्रिय आम्लं धातूला धरून ठेवतात, म्हणून नुसत्या कॉस्टिकपेक्षा चुना जास्त उपयोगी पडतो. सायनाइड झिंकची लाइन शेजारी असेल तर तिचं, सायनाइड मारायला हायपोक्लोराइट घातलेलं पाणी या पाण्यात मिसळू देऊ नका. हायपोक्लोराइट ट्रायला पुन्हा हेक्स करतं.