लॉगिन होत नाहीये म्हणजे नक्की काय होत नाहीये

दिवाळी संपली की आमच्या प्रेसमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. बडोद्याला दांडिया बाजारात काकांची छोटी ऑफसेट प्रेस आहे, देवउठी अगियारस झाली की लग्नं सुरू आणि लग्नं म्हणजे कंकोत्र्या (पुण्याकडच्या मंडळींसाठी : लग्नपत्रिका, गिऱ्हाईक सगळं गुजराती त्यामुळे आम्हीही आता कंकोत्रीच म्हणतो). डिझाइन करते माझी मावसबहीण, ती लग्न होऊन पुण्याला गेली पण काम अजून आमचंच करते. तिची एकेक फाइल तीनशे-चारशे एमबीची, मेलमधून २५ एमबीच्या वर जात नाही, म्हणून मी प्रेसमधल्या एका जुन्या पीसीवर उबंटू २४.०४ (विंडोजसारखीच, पण फुकटातली सिस्टिम) टाकून एसएफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवरून सुरक्षितपणे फाइली घ्यायची सोय, उभा केला होता. ताईकडे फाइल पाठवायचा फाइलझिला हा प्रोग्राम, इकडे सर्व्हर, कित्येक महिने कुणाला आठवणसुद्धा राहिली नव्हती की असं काही आहे.

मग सोमवारी संध्याकाळी ताईचा फोन, "अरे लॉगिन होत नाहीये." आणि मी लगेच कामाला लागलो, इथेच घोळ झाला. मी तिला विचारलंच नाही की स्क्रीनवर काय येतंय. लॉगिन होत नाही म्हणजे पासवर्ड, असं डोक्यात बसलेलं, म्हणून पासवर्ड बदलला आणि तिला फोनवर सांगितला. तरी होईना. मग वाटलं परमिशनचं असेल, तिच्या फोल्डरला सरळ ७७७ मारलं, म्हणजे या बाबा सगळे या, वाचा, लिहा, काय वाट्टेल ते करा. तरी होईना. रात्री साडेनऊला शटर ओढून घरी गेलो. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून तर सर्व्हर व्यवस्थित उघडत होता, त्यामुळे रात्रभर मनात हेच की ताईच्याच कॉम्प्युटरला काहीतरी झालंय.

मंगळवारी तिच्याकडून स्क्रीनशॉट मागवला. त्यात लिहिलेलं 'कनेक्शन टाइम्ड आउट'. आता हे वाचल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, कारण टाइम आउट म्हणजे तिची हाक सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती, पासवर्ड विचारायची वेळच आली नव्हती, आणि मी इकडे पासवर्ड बदलत बसलेलो. पोचली का नाही? तर मागच्याच शनिवारी काकांनी स्वस्त पडतं म्हणून नेटची कंपनी बदलली होती. नवीन राउटरचं पान उघडलं तर बाहेरच्या बाजूचा आयपी (नेटवरचा पत्ता) १००.८० ने सुरू होणारा, आणि गुगलवर 'माझा आयपी' शोधला तर भलताच नंबर. दोन नंबर वेगळे दिसले की समजायचं आपण सीजीनॅटच्या मागे आहोत. आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडतात म्हणून कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, आणि १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास ह्याच कामासाठी राखून ठेवलाय. आपल्याला बाहेर जाता येतं पण बाहेरून कुणाला आत येता येत नाही, कारण आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून आलेली हाक सर्व्हरकडे वळवली) तरी त्याच्या पुढचा दरवाजा कंपनीच्या हातात असतो.

कस्टमर केअरचं काय सांगू, पहिल्या दोघांनी राउटर बंद करून चालू करायला लावला, तिसरीला 'स्टॅटिक आयपी' (न बदलणारा, आपल्या एकट्याचा पत्ता) हे दोन शब्द म्हटल्यावर ती म्हणाली हो मिळेल, महिन्याला वेगळे पैसे, दोन दिवस लागतील. काका म्हणाले मग स्वस्त कसलं पडलं. मी काही बोललो नाही, खाली जाऊन सेव-उसळ खाऊन आलो.

त्या दोन दिवसांत काका रोज विचारायचे की गिऱ्हाईक म्हणतंय "पेली फाइल आवी के नहीं?", आणि हे एवढं अवघड का करून ठेवलंयस, आधीचं ते एफटीपी बरं होतं. एफटीपी ही फाइली पाठवायची जुनी पद्धत, तिच्यात पासवर्ड उघडाच तारेवरून जातो हे त्यांना समजावलं. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये टाटू युलोनेन नावाच्या माणसाच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले म्हणून तर त्याने एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षितपणे बोलायची पद्धत) लिहिलं, आणि एफटीपीचा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, २१, टेलनेट ह्या तशाच जुन्या पद्धतीचा २३, मधला २२ मोकळा होता तो मागून घेतला. एसएफटीपी त्याच २२ वर चालतं. काकांनी गोष्ट आवडीने ऐकली आणि परत विचारलं, फाइल कधी येणार?

गुरुवारी स्टॅटिक आयपी आला. फॉरवर्डिंग नव्याने टाकावं लागलं कारण नवीन राउटरने सर्व्हरला आतला पत्ताच दुसरा दिला होता, तो ह्या वेळी राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला. प्रेसच्या वायफायवरून बाहेरचा आयपी टाकला तर लागेना, थोडा घाबरलो, मग मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून लावलं तर पटकन लागलं. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत यायला देत नाहीत, टेस्ट बाहेरूनच करायची. ताईला फोन केला, म्हटलं झालं, टाक फाइल.

पाच मिनिटांनी ती म्हणाली पासवर्ड चुकीचा म्हणतंय. जुना पासवर्ड फाइलझिलात सेव्ह होता पण मी सोमवारी बदलून ठेवलेला, त्यामुळे आता हाताने टाइप करणं आलं. तिने पुन्हा टाकला, पुन्हा टाकला, आणि मग म्हणाली आता वेगळंच येतंय, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. माझ्या मोबाइलवरून तर लागत होतं! टाइम आउट म्हणजे कुणी ऐकतच नाही, पण रिफ्यूज्ड म्हणजे दारात कुणीतरी उभं आहे आणि चक्क नाही म्हणतंय. कोण असेल, तर मीच बसवलेलं फेल-टू-बॅन. पाच वेळा पासवर्ड चुकला की ते त्या आयपीला बाहेर काढतं, मुळात दहा मिनिटांसाठी, पण जगभरातून रात्रंदिवस ठोठावणारे बॉट बघून मी ते पूर्ण एक दिवस करून ठेवलं होतं. यादी काढली तर कुठल्या कुठल्या आयपींच्या गर्दीत ताईचा पुण्याचा आयपी. सोडवला तिला.

पण पासवर्ड चुकतोय का? मी अक्षर न् अक्षर फोनवर सांगतोय, ती टाइप करतेय, ठिपके दिसतायत. शेवटी म्हटलं ताई, तू आधी नोटपॅडमध्ये लिही आणि तिथून पेस्ट कर. तर पलीकडून एकदम, "अगं बाई, हे तर मराठीत उमटतंय!" पत्रिकेचा मजकूर टाइप करायला तिने इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला होता तो तसाच राहिलेला, आणि ठिपके काय, मराठीचेही तसेच दिसतात. आम्ही दोघं दोन मिनिटं नुसते हसत होतो.

इंग्रजी कीबोर्ड, बरोबर पासवर्ड, आणि लगेच कनेक्शन तुटलं. पासवर्डबद्दल तक्रार नाही, काही नाही, आत घेतलं आणि त्याच क्षणी बाहेर. फाइलझिला बिचारा एवढंच सांगतो की कनेक्शन बंद झालं. अशा वेळी खरं कारण सर्व्हर फक्त स्वतःच्या डायरीत लिहितो, म्हणून ऑथ लॉग उघडला. पासवर्ड मान्य, आणि त्याच्या खालच्याच ओळीत 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर सीएच-रूट डिरेक्टरी', म्हणजे कोंडायच्या फोल्डरची मालकी किंवा परमिशन चुकीची.

म्हणजे माझं सोमवारचं ७७७.

ताईचं अकाउंट मी एकाच फोल्डरमध्ये कोंडलेलं आहे, तिला बाकीचा पीसी दिसूच नये म्हणून. सर्व्हरवर चालणाऱ्या ओपनएसएसएच प्रोग्रामचा हट्ट असा की ज्या फोल्डरमध्ये कोंडायचं तो आणि त्याच्या वरचे सगळे रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य अकाउंटच्या, मालकीचे हवेत आणि रूटशिवाय कुणालाही त्यात लिहिता येता कामा नये. बरोबरच आहे, खोलीची भिंतच पाडता येत असेल तर कोंडून काय उपयोग. मी सगळ्यांना लिहायची मुभा दिली आणि त्याने तिला आत घ्यायचंच बंद केलं. आणि हे मला तीन दिवस कळलं नाही कारण मी टेस्ट माझ्या अकाउंटने करत होतो, जे कोंडलेलं नाहीच! फोल्डर रूटच्या नावावर केला, ७५५ दिलं (लिहायचं फक्त मालकाने), आत 'आवक' नावाचा जो फोल्डर आहे तो ताईच्या नावावर ठेवला, तिथे तिने काय ते लिहावं.

साडेसहाला ३४० एमबीची फाइल आली. काकांनी प्लेट काढायला घेतल्या.

एक काम उरलं होतं ते रविवारी केलं, पासवर्डची भानगडच काढून किल्लीवर, म्हणजे एसएसएच की (पासवर्डऐवजी ताईच्या कॉम्प्युटरवर ठेवायची ओळखीची फाइल) वर जायचं. ताईच्या फाइलझिलात की बसवली, सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्ये पासवर्ड 'नो' लिहिला, रीस्टार्ट केला, तरी पासवर्ड चालूच! अर्धा तास गेला. उबंटूच्या इन्स्टॉलरने बाजूच्या फोल्डरमध्ये स्वतःची एक क्लाउड-इनिट नावाची फाइल ठेवलेली असते, तिच्यात पासवर्ड 'येस', ती आधी वाचली जाते, आणि एसएसएच पहिल्यांदा जे वाचतो तेच धरतो. आपण काय लिहिलंय ते बघू नका, 'एसएसएचडी' ह्या सर्व्हरच्या कमांडपुढे डॅश कॅपिटल टी लावून तो स्वतः काय समजलाय ते विचारा, तेव्हा दिसतं. त्या फाइलमध्ये 'नो' केलं आणि संपलं.

सोमवारी सकाळी पुन्हा ताईचा फोन. "अरे, ते आता पासवर्ड विचारतच नाहीये, बिघडलं का काही?"

म्हटलं, "ताई, स्क्रीनवर काय दिसतंय ते आधी सांग."

"फोल्डर दिसतोय. आवक."

"मग टाक फाइल."