ट्रिअरची पायी वारी आणि डाव्या पायाचा फोड

आमचं गाव तरडगाव. लोणंदहून माउली निघाले की चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि मुक्काम आमच्याकडे, त्यामुळे इथे जर्मनीत जे चार मराठी लोक ओळखीचे आहेत ते धरूनच चालतात की मी वाऱ्या केल्या असणार. नाही केली. एकदाही नाही. वाटेवरचं गाव वारीला जात नाही, वारीच गावात येते, आणि आली की पाणी तापवायचं, भाकऱ्या थापायच्या, सतरंज्या कमी पडल्या की शेजारून आणायच्या. आमच्याकडे आजोबांपासून एक दिंडी उतरते. लहानपणी माझ्याकडे एकच काम होतं, पाय. परातीत गरम पाणी, मीठ, मग तेल. त्या लोकांचे चेहरे आता आठवत नाहीत, टाचा आठवतात.

तर असा मी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली पायी वारी केली ती मोझेल नदीच्या खोऱ्यात. कोब्लेन्झजवळच्या श्टोल्झनफेल्सपासून ट्रिअरपर्यंत, साधारण १८० किलोमीटर, निळ्या पाटीवरचा पिवळा शिंपला बघत बघत जायचं आणि शेवटी संत मथियासच्या थडग्यापाशी पोचायचं. का केली ते नीट सांगता येणार नाही. आषाढात सुट्टी मिळत नाही, मे महिन्यात मिळाली. मागच्या वर्षी अण्णा गेले, त्यांची तुळशीची माळ माझ्याकडे आली, ती गळ्यात घालायची हिंमत नाही आणि कपाटात ठेवायची इच्छा नाही म्हणून खिशात ठेवून निघालो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पंढरपूर सोडून तिकडं कुठं रं?" म्हटलं इथलं हेच जवळ आहे. ती म्हणाली, "बरं, पायात चांगलं काहीतरी घाल."

चांगलं म्हणजे नवीन घातले. इथेच चुकलं.

पहिले चार-पाच दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. चढ, जंगल, एकदम उघडं पठार, खाली नदीचं वळण, परत उतार, गाव, चर्च, चर्चच्या दारात यात्रेकरूच्या वहीवर ठप्पा, आणि पुन्हा चढ. आल्केनला दोन बुरुजांचा किल्ला होता तो खालूनच बघितला. बुर्ग एल्ट्झ बघितला, साडेआठशे वर्षं एकाच घराण्याकडे आहे, जुन्या पाचशे मार्कच्या नोटेवर होता, बाहेर सेल्फीवाल्यांची ही गर्दी, मी भिंतीला टेकून केळं खाल्लं आणि निघालो. कार्डेनच्या पुढे कुठेतरी शिंपला चुकला आणि उगाच चार किलोमीटर जास्त झाले, त्या दिवशी मी जर्मन पाटीव्यवस्थेला अशा शिव्या दिल्या की खिशातली माळ पण दचकली असेल.

आणि मुख्य तक्रार म्हणजे शांतता. टाळ नाही, मृदंग नाही, "माउली माउली, जरा सरका" म्हणणारं कोणी नाही. दिवसाला दोन-तीन माणसं भेटायची, "हॅलो" म्हणायची, गेली. एकट्याने चालतात त्याला वारी म्हणायचं का, हा प्रश्न मी तीन दिवस चघळला. काठीच्या ठेक्यावर गजर म्हणून बघितला पण चढावर श्वास पुरत नाही, उतारावर लक्ष पायाकडे.

बाइलश्टाइनला मात्र बसलो. गाव अगदी चित्रातलं, वर १६८९ मध्ये फ्रेंचांनी पाडलेला किल्ला, खाली बसा भरभरून टुरिस्ट. पायऱ्या चढून कार्मेल मठाच्या चर्चमध्ये गेलो तर आत काळी मेरी. काळी म्हणजे चांगली काळी. मला काही माहिती नव्हतं, ठप्प्यासाठी आत गेलो होतो, आणि ते सावळं रूप दिसलं तसे हात आपोआप जोडले गेले, पाठीवर सॅक तशीच. अर्धा तास बसलो असेन. मग एक टुरिस्ट ग्रुप आला आणि गाइड मोठमोठ्याने बोलायला लागली, उठलो.

ट्राबेन-ट्रारबाखला पोचेपर्यंत डाव्या टाचेला एक फोड आणि करंगळीशेजारी दुसरा. १९०० च्या सुमाराला हे गाव वाईनच्या व्यापारात बोर्दोच्या खालोखाल होतं म्हणे, रस्त्यांच्या खाली तळघरंच तळघरं, पुलावर ब्रुनो म्योरिंग या वास्तुकाराने बांधलेली मोठी कमान आहे. मी ती कमान लंगडत ओलांडली आणि फार्मसी शोधली. बंद झालेली. म्हटलं उद्या सकाळी घेऊ.

उद्या सकाळी गुरुवार. क्रिस्ती हिमेलफार्ट, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस, सरकारी सुट्टी, सगळं बंद. इतकी वर्षं या देशात राहून मी ते विसरलो. आणि त्याच दिवशी इथे फाटरटाग असतो, बापांचा दिवस, त्यात बाप झालेले न झालेले सगळे पुरुष लाकडी हातगाडीत बिअरचे क्रेट आणि स्पीकर घालून रानात फिरायला निघतात.

ट्राबेनहून बेर्नकास्टेलला नदी मोठा वळसा घालून जाते, कॅमिनो, म्हणजे ही आमची यात्रेची वाट, मात्र सरळ डोंगरावरून. अंतर निम्म्याहून कमी पण चढ काढतो. त्या चढावर माझ्या मागे अशी एक हातगाडी लागली. सातेक पोरं, विशी-पंचविशीतली, स्पीकरवर ढणढण, आणि प्रत्येक वळणावर थांबून एकेक बाटली. मी थांबलो की ते मला गाठायचे, ते थांबले की मी पुढे. गजर नव्हता म्हणून तीन दिवस रडत होतो ना, घे. एकाने माझं लंगडणं बघितलं आणि म्हणाला सॅक टाक गाडीत, वरपर्यंत नेतो. मी नको म्हटलं. का नको म्हटलं? आपल्याकडे अख्ख्या दिंडीचं सामान ट्रकमधून जातं, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पण मला वाटलं. ते "चल मग, बुएन कामिनो" ओरडत पुढे गेले आणि दहा मिनिटांनी मला इतका पश्चात्ताप झाला की हाक मारणार होतो.

वर पोचल्यावर बूट काढायची चूक केली. मोजा चिकटलेला. तो सोलून काढला तेव्हा टाचेची कातडी त्याच्याबरोबर थोडी आली आणि करंगळीचा फोड लिंबाएवढा. त्या दिवशी मोंझेलपर्यंत जायचं होतं, ते तिथेच संपलं. मॅपवर बघितलं, सगळ्यात जवळचं गाव खाली ग्राख. शिंपला सोडला आणि द्राक्षमळ्यांतून सरळ उतरायला लागलो.

मोझेलचे मळे ज्यांनी बघितले नाहीत त्यांना सांगतो, आपल्या नाशिक-सांगलीसारखे मांडव नाहीत. डोंगराची उभी भिंत, माती फारशी दिसतच नाही, नुसत्या काळ्या-निळ्या पाटीच्या दगडाच्या चिपा. दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब वेलीला देतात, म्हणून इतक्या उत्तरेला रीझलिंग जातीचं द्राक्ष पिकतं. जुन्या मळ्यांत प्रत्येक वेलीला एकच खांब, आणि दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. हजारो बदाम. सुंदर असतं, फोटोत. त्या चिपांवरून फुटलेल्या फोडांनी उतरताना प्रत्येक पावलाला चीप सरकते, अंगठा बुटाच्या टोकाला आपटतो आणि टाच मागे घासते. उन्हाने खालून वरून भाजून निघत होतो. एका ठिकाणी मळ्याचं नाव लिहिलेलं होतं. हिमेलराइख. स्वर्गाचं राज्य. म्हणजे स्वर्गारोहणाच्या दिवशी मी वैकुंठातून खाली घसरत होतो. मला हसू आलं आणि त्याबरोबर रडू पण आलं, खरंच सांगतो, बसलो तिथे दगडावर आणि रडलो. अण्णांसाठी का पायासाठी, माहिती नाही.

गावात शिरताना पहिल्याच गल्लीत एक आजी अंगणात बाकावर बसून पांढरा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे कोंब, सोलत होती. ऐंशीच्या आसपास असेल. मी फक्त विचारलं की बस कुठे मिळेल. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं. म्हणाली, "आज सुट्टीची बस. बस इथे. बूट काढ."

यात्रेकरूला इथे कोणीही सरळ अरे-तुरे करतं. मी म्हटलं नाही हो, तुम्ही कशाला, मला फक्त बसची वेळ सांगा. ती आत गेली सुद्धा. बाहेर आली ती पत्र्याचं टब घेऊन. गरम पाणी. आणि हातात मिठाचा डबा.

मी त्या डब्याकडे बघत राहिलो. मीठ.

पाय टाकले पाण्यात. चरचरलं. ती समोर छोट्या स्टुलावर बसली, शेवटचे दोन श्पार्गेल सोलून संपवले, हात पुसले, मग सुई घेतली, काडेपेटीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला आणि म्हणाली, "दे इकडे." आणि मला पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवता येईना. म्हणजे अक्षरशः उचलेना. आयुष्यात किती लोकांचे पाय मी मांडीवर घेतले, म्हातारे लोक "नको रे पोरा, नको" म्हणत पाय मागे घ्यायचे आणि आम्हा पोरांना वाटायचं काय नाटक करतात, द्या की. आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर पाय द्यायचा म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. तिने दोन सेकंद वाट बघितली आणि घोटा धरून ओढलाच.

दोरा फोडातून आरपार, दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला, पाणी झिरपून जातं. आमच्याकडेही असंच करतात. मी म्हटलं आमच्याकडेही असंच करतात. ती म्हणाली, मग दुसरं कसं करणार?

मग एक बिनलेबलची बाटली आली. ट्रेस्टर, वाईन काढून राहिलेल्या चोथ्याची दारू, तिच्या भावाने गाळलेली. तिने बोळा भिजवून टाचेवर दाबला, मी मराठीत ओरडलो, आणि तिने शांतपणे एक छोटा ग्लास भरला. "एक पायाला, एक तुला." आता वारीत दारू. अण्णा पंचेचाळीस वर्षांचे माळकरी. मी खिशातली माळ काढून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली, चेन लावली आणि मगच ग्लास उचलला, जसं काही तिथून माळेला कळणार नव्हतं.

रात्री तिथेच राहिलो, वरची खोली ती भाड्यानेच देते, पण पैसे अर्धेच घेतले. घराच्या भिंतीवर पुराच्या रेघा होत्या, डिसेंबर १९९३ ची माझ्या खांद्याला लागत होती. श्पार्गेल, बटाटे, वितळलेलं लोणी. गप्पांत विचारलं, तुम्ही कधी गेलात का ट्रिअरला चालत? ती हसली. "मी? मे महिन्यात वेलीचे फुटवे कोण काढणार?"

सकाळी तिने गेलेल्या नवऱ्याचे लोकरीचे मोजे दिले. नदीकाठच्या सपाट रस्त्याने बेर्नकास्टेल. चौक, तिरकी लाकडी घरं, १४१६ चं ते वर रुंद खाली अरुंद घर, गर्दी. पूल ओलांडून पलीकडे कूसला मात्र थांबलो. निकोलाउस फॉन कूस, १४०१ चा जन्म, नावाड्याचा पोरगा, कार्डिनल झाला, मोठा विचारवंत झाला, आणि १४५८ साली गावाकडे तेहतीस गरीब म्हाताऱ्यांसाठी आसरा बांधला, येशूच्या वयाचे तेहतीस. तो अजून चालू आहे, आजही वृद्धाश्रमच आहे. संस्थेचे स्वतःचे द्राक्षमळे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या जेवणाला वाईनचा पैसा. तो स्वतः १४६४ मध्ये गेला, देह रोममध्ये पुरला पण हृदय इथल्या प्रार्थनाघरात आणलं. अंगणात एक आजोबा वॉकर घेऊन माझ्याइतक्याच स्पीडने चालले होते, आम्ही दोघांनी मिळून एक फेरी मारली, बोललो काहीच नाही.

पुढे क्लाउझेनच्या जवळपर्यंत बसने गेलो. हो, बसने. सांगून टाकलेलं बरं. क्लाउझेनचं देऊळ (मी देऊळच म्हणतो) एबरहार्ड नावाच्या मजुराने झाडात मेरीची मूर्ती ठेवली त्यातून उभं राहिलेलं. मेणबत्ती लावली. मग श्वाइख, मग रविवारी ट्रिअर.

पोर्टा निग्राखालून आत शिरलो. रोमन दरवाजा, इसवी सन १७० च्या आसपासचा, चुना न वापरता दगडावर दगड. सिमेऑन नावाच्या ग्रीक साधूने त्यात स्वतःला कोंडून घेतलं, १०३५ ला तिथेच गेला, मग त्याचं चर्च झालं, मग नेपोलियनने ते चर्च काढायला लावलं. मला एवढंच वाटत होतं की पोचलो. आणि तिथे कळलं की संत मथियास अजून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कार्ल मार्क्सचं गाव, आइस्क्रीमच्या रांगा, आणि मी लोकरीच्या मोज्यात. कळस दिसल्यावरही शेवटची चाल संपत नाही म्हणतात ते खोटं नाही.

मथियास हा येशूला दगा देणाऱ्या जूडासच्या जागी चिठ्ठी टाकून निवडलेला. बाकीच्या शिष्यांसारख्या त्याच्या फार गोष्टी नाहीत. समाधीसमोर उभा होतो तेवढ्यात बाहेर घंटा वाजायला लागल्या. जाऊन बघतो तर खालच्या ऱ्हाईनकडून पायी आलेली मथियास ब्रदरहुडची एक दिंडी, दिंडीच ती, पुढे क्रॉस, मागे दोन-दोनच्या रांगेत बायका-पुरुष, पायाला पट्ट्या, उन्हाने नाकं लाल, सगळे एका सुरात गात. बेनेडिक्टाइन साधू दारात उभे राहून त्यांना आत घेत होते. शब्द एकही कळला नाही. मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो आणि त्यांच्याबरोबर परत एकदा आत गेलो.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. पाय दाखव म्हणाली. दाखवला. दोरा कोणी घातला? म्हटलं एका आजीने. तिने मोबाइल अगदी डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाली, "बाईला जमतंय."

मी म्हटलं, आई, पुढच्या आषाढात येतो, आपण दोघं जाऊ, तरडगावपासून तरी चालू.

"आरं," ती म्हणाली, "आन् मग हितं पाणी कोण तापवणार?"