कँटनच्या तळघरातली थरथर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबसहून कँटनला हायवेने दोन तासांत पोचता येतं, पण भाच्याने मला गावं दाखवायची म्हणून ६२ नंबरचा रस्ता धरला. मिलर्सबर्गच्या अलीकडे मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथीयांच्या घोडागाड्या लागल्या आणि त्यांच्या मागे आमची गाडीही घोड्याच्या चालीने जाऊ लागली.

कँटन म्हणजे अमेरिकन फुटबॉलची पंढरी. १९२० साली इथल्याच एका मोटारींच्या शोरूममध्ये आजच्या एनएफएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, पायाभरणी झाली. नामवंत खेळाडूंचं संग्रहालय, ‘हॉल ऑफ फेम’, पाहिलं. तिथले ब्राँझचे अर्धपुतळे थोड्या वेळाने मला सगळे सारखेच दिसायला लागले. खरी मजा संध्याकाळी आली, भाच्याच्या ओळखीतल्या एका आजोबांच्या तळघरात.

टेबलावर पत्र्याचं हिरवं मैदान आणि त्याच्या पोटात मोटर. न्यूयॉर्कच्या ट्यूडर कंपनीने १९४० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणलेला हा ‘इलेक्ट्रिक फुटबॉल’. दोन्हीकडे बोटाच्या पेरांएवढे अकरा-अकरा गडी. प्रत्येकाच्या बैठकीखाली तिरक्या प्लास्टिकच्या काड्या असतात. बटण दाबलं की पत्रा थरथरतो आणि त्या काड्यांवर गडी पुढे सरकतात. आवाज असा, की स्टीलच्या ताटात कुणी व्हायब्रेटवरचा मोबाइल ठेवलाय.

बटण दाबलं की आपण नुसते प्रेक्षक. जे काय डोकं चालवायचं ते मांडणीत.

चेंडू माझ्याकडे होता. नियमाप्रमाणे सात गडी पुढच्या रेषेवर लावले, पण ऐसपैस. चेंडूवाला त्यांच्या मागे नाकासमोर सरळ. आजोबांनी समोर चार, त्यांच्या मागे थोडी जागा सोडून तीन लाइनबॅकर, म्हणजे दुसऱ्या फळीतले बचाववाले, लावले, तेही आतल्या बाजूला किंचित तिरके. बटण दाबलं. माझा चेंडूवाला माझ्याच गड्याच्या पाठीवर धडकला, गर्रकन फिरला आणि तुरुतुरु आमच्याच एंड झोनमधून, म्हणजे मैदानाच्या आमच्या टोकाच्या पट्ट्यातून, मागे बाहेर पडला! याला म्हणतात सेफ्टी. आजोबांना दोन गुण. भाचा हसून हसून जमिनीवर बसला.

"खांद्याला खांदा लावा," आजोबा म्हणाले. बैठका एकमेकींना टेकल्या की रेषा सहज फुटत नाही. मला कबड्डीतली साखळी आठवली. आणि चेंडूवाल्याचं तोंड गड्याच्या पाठीकडे नको, दोघांमधल्या फटीकडे हवं. मग चिमट्याने त्यांनी माझ्या चेंडूवाल्याची एक काडी केसभर वाकवली. प्रतिस्पर्ध्याला इतकी मदत आपल्याकडे कॅरमला कुणी करणार नाही.

दुसऱ्या खेपेला पहिली फळी पार केली. डाव्या लाइनबॅकरने गाठलंच, पण दहा यार्ड मिळाले होते. "अजून एक!" मी म्हणालो. भाचा किल्ली खुळखुळवत जिन्यात उभा.

परतताना त्याने हायवेच धरला. मी डब्याच्या झाकणावर शेंगदाणे मांडून त्याला मधली फट दाखवत होतो. गाडीच्या हादऱ्यांनी दाणे सरकत होते.

"मामा, ते खाऊन टाका आता," तो म्हणाला.