बटणांचा डबा आणि आमचं ३०:१०

स्मरणिका समितीचा तिसरा फोन आला तेव्हा कुठे लिहायला बसलेय. खरं सांगायचं तर माझ्याकडे लिहिण्यासारखं एकच आहे, गॅदरिंग, सहल, अंगठे धरून उभं राहणं वगैरे बाकीच्यांनी लिहिलंच असणार. मला लिहायचंय ते विज्ञानाच्या बाईंच्या पत्र्याच्या डब्याबद्दल, ज्यात शर्टाची, कोटाची, कुठली कुठली जुनी बटणं होती, आणि त्या बटणांच्या बाबतीत मी केलेल्या लबाडीबद्दल. बाईंचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांना ते आवडायचं नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

आनुवंशिकतेचा धडा चालू होता. वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल, उंच आणि बुटक्या झाडांचा संकर, पहिल्या पिढीत सगळी उंच, दुसऱ्या पिढीत बुटकी परत येतात आणि गुणोत्तर ३:१, हे सगळं आम्ही गाईडमधून आधीच घोकून बसलेलो. बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. प्रत्येक गटाला दोन कापडी पिशव्या दिल्या, एकेका पिशवीत २० काळी आणि २० पांढरी बटणं, सगळी एकाच मापाची. एक पिशवी म्हणजे आई, एक म्हणजे वडील. न बघता दोन्हींतून एकेक बटण काढायचं, लिहायचं, परत टाकायचं, पिशवी हलवायची. काळं म्हणजे उंचीचं प्रभावी जनुक, पांढरं म्हणजे बुटकेपणाचं अप्रभावी, त्यामुळे जोडीत एक जरी काळं आलं तरी झाड उंच, दोन्ही पांढरी आली तरच बुटकं. असं ४० वेळा करायचं.

आम्ही केलं. २६:१४ आलं. माझी पार्टनर म्हणाली, अगं चुकलंय, ३:१ यायला पाहिजे. मी खोडरबर घेतला आणि चार बुटक्या झाडांना उंच करून टाकलं. ३०:१०, एकदम फिट्ट.

मग बाईंनी फळ्यावर एकेका गटाचे आकडे लिहायला घेतले. ३०:१०. ३०:१०. ३०:१०. तिसऱ्यालाच माझ्या पोटात गोळा आला कारण मला वाटलेलं की लबाडी फक्त आम्हीच केलीय. आठ गट होते, सात गटांचं ३०:१० आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांचं ३३:७, कारण त्यांनी गाईड वाचलेलंच नव्हतं आणि उत्तर काय यायला हवं ते त्यांना माहीतच नव्हतं. बाई बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा या एकाच गटावर विश्वास बसतोय." ती मुलं अख्ख्या शाळेच्या आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर ठरली असतील, त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना.

ओरडल्या नाहीत. नुसतं हिशोब करून दाखवला, की ४० वेळा काढून बरोब्बर ३०:१० येणं हे साधारण सात वेळांत एकदा घडतं. मग सात गटांना एकदम? त्यांनी खडू ठेवला आणि आम्हाला सगळं पहिल्यापासून करायला लावलं, यावेळी खोडरबर टेबलावर जमा करून. कोणाचं २५:१५ आलं, कोणाचं ३४:६, एकही सरळ नाही. पण सगळ्या आठ गटांची बेरीज केली, ३२० झाडं, तेव्हा २३६ उंच आणि ८४ बुटकी. म्हणजे २.८१ ला १. तो क्षण मला अजून आठवतो, कारण एकेकटं बघितलं तर सगळे आकडे वेडेवाकडे आणि एकत्र केले की आपोआप तिनाच्या जवळ सरकतात, हे कोणी शिकवून कळत नाही, स्वतः हात घालून बटणं काढावी लागतात.

नंतर बाईंनी मेंडेलचे खरे आकडे लिहिले जे आमच्या पुस्तकात नव्हतेच. गोल बिया ५४७४, सुरकुतलेल्या १८५०. एकूण ७३२४ बिया, २५३ झाडांवरच्या. बरोब्बर तिप्पट असती तर ५४९३ आणि १८३१ आली असती, आमच्या वर्गातल्या कोणी तो प्रयोग केला असता तर तेवढंच लिहिलं असतं बघा. आणि त्याहून भारी म्हणजे त्याने वाईट दिसणारे आकडेसुद्धा छापलेत. एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेल्या, दुसऱ्या एका झाडावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेल्या, म्हणजे उलटंच. मठातला एक माणूस, १८५६ पासून वर्षानुवर्षं वाटाण्याच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढतोय, दुसऱ्याचे पराग लावतोय, पिशवी बांधतोय, शेंगा सोलून बिया मोजतोय, १८६५ मध्ये ब्रनोच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) सभेत वाचून दाखवतोय, १८६६ मध्ये छापतोय, आणि कोणी ढुंकून बघत नाही. १८८४ मध्ये तो गेला आणि १९०० मध्ये लोकांना जाग आली.

इथे एक सांगायला हवं. मी पुढे कॉमर्सला गेले, आज ऑडिटचं काम करते, जीवशास्त्राशी माझा काडीचा संबंध नाही. पण नोकरीला लागल्यावर कुठेतरी वाचलं की फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये म्हटलेलं की मेंडेलचे आकडे सगळे मिळून बघितले तर जरा जास्तच छान जुळतात, आणि त्यावर अजूनही वाद चालू आहे, कोणी म्हणतं मेंडेलच्या मदतनीसाने हवे तसे आकडे जुळवले, कोणी म्हणतं फिशरचीच मांडणी ताणलेली आहे. मला त्यात कोण बरोबर ते ठरवायचं नाही. पण वाचताना मी जोरात हसले, कारण डोळ्यासमोर फळ्यावरचं ३०:१० आलं. ऑफिसात आजही कोणाचं स्टेटमेंट फार गोड जुळलं की माझा हात आधी व्हाउचरकडे जातो, आणि ही सवय मला कुठल्याही कॉमर्सच्या प्राध्यापकाने लावलेली नाही.

उत्क्रांतीला पण तोच डबा. यावेळी नियम बदलला, पांढरी-पांढरी जोडी आली की ते पिल्लू मेलं, पुढच्या पिढीत त्याची बटणं नाहीत. आम्हाला वाटलं की पांढरा रंग दोन-तीन पिढ्यांत साफ. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं. सुरुवातीला निम्मी बटणं पांढरी, पुढच्या पिढीत एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश, मग एक पंचमांश... आठ पिढ्या झाल्या तरी दहात एक बटण पांढरंच. जन्मणाऱ्या शंभरात पांढरी-पांढरी जोडी फक्त एक, पण १८ जणांकडे काळ्याच्या आड एक पांढरं लपलेलं, बाहेरून काही दिसत नाही. अप्रभावी म्हणजे कमजोर नव्हे गं, लपणारं, असं त्या म्हणाल्या. आणि डार्विनचं नेमकं हेच अडलेलं. गुण रंगासारखे एकमेकांत मिसळतात असं धरलं तर नवा चांगला गुण दर पिढीला पातळ होत जाऊन संपणार, मग नैसर्गिक निवड निवडणार काय? त्याचं उत्तर मेंडेलच्या बटणांत होतं, की गुण मिसळत नाहीत, सुटे राहतात. मेंडेलने डार्विनचं पुस्तक वाचलेलं, पेन्सिलीच्या खुणा करून. डार्विन १८८२ मध्ये गेला तो हे काही न कळताच.

दुसऱ्या दिवशी अजून एक खेळ. पिशवीत १० काळी १० पांढरी, डोळे मिटून फक्त ४ काढायची, जी आली त्याच प्रमाणात पुन्हा २० भरायची, पुन्हा ४ काढायची. आमच्या गटात सहाव्या पिढीला पांढरी संपली, शेजारच्यांकडे पाचव्यालाच काळी संपली. "काळी जास्त लायक होती का?" नाही. "मग?" कोणाला काही बोलता येईना. निवड कोणी केलीच नव्हती, फक्त संख्या लहान होती. म्हणूनच एखाद्या प्राण्याची संख्या एकदा फार खाली गेली की नंतर वाढली तरी गेलेली विविधता परत येत नाही. उत्तरेकडच्या एलिफंट सीलचं तेच झालंय, शिकारीपायी शंभराच्याही खाली गेलेले, आज लाखाच्या वर आहेत पण जनुकांच्या बाबतीत सगळे जवळपास एकसारखे.

माकडापासून माणूस झाला तर मग आज माकडं कशी, हा प्रश्न आमच्या वर्गात पण आला, येतोच. बाईंनी विचारणाऱ्या मुलीलाच विचारलं, "तू तुझ्या चुलत बहिणीपासून झालीस का गं?" नाही बाई. "मग ती अजून आहे ना? तुमची आजी एकच, बस." आमची आणि चिंपांझीची ती आजी साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीची.

वर्गीकरण खरं तर त्याच्या आदल्या वर्षीचं, डबा पहिल्यांदा आला तोच त्यासाठी. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती हे आम्ही "सृसंवगकुप्रजा" असं एका दमात म्हणायचो, शेवटी प्रजाती आधी की जाती आधी यावर परीक्षेत हमखास गडबड, आणि होमो सेपियन्सचे दोन शब्द वेगवेगळे अधोरेखित केले नाहीत तर अर्धा मार्क कट. (व्हिटाकरची १९६९ ची पाच सृष्टींची पद्धत आम्ही वेद असल्यासारखी पाठ केली. कार्ल वूज नावाच्या माणसाने १९७७ मध्येच आर्किया हे जिवाणूंपेक्षा पार वेगळे जीव आहेत हे आरएनए तपासून दाखवलेलं आणि १९९० मध्ये सगळ्या सजीवांचे तीन डोमेन, म्हणजे सृष्टीच्याही वरचे गट, केलेले, हे मला पुढे माझ्या मुलीच्या अभ्यासात कळलं.)

तर डबा ओतला आणि बाई म्हणाल्या लावा. कोणी रंगाने लावली, कोणी भोकांवरून, दोन भोकांची, चार भोकांची, कोणी मापाने. आम्ही धातूची आणि प्लॅस्टिकची अशी केली आणि आमचंच बरोबर म्हणून भांडलो. बाई म्हणाल्या सगळ्यांचंच बरोबर, कारण बटणांना आजोबा नसतात. लाल चार भोकांचं बटण निळ्या चार भोकांच्या बटणाच्या नात्यातलं आहे असं काही नसतं, त्यामुळे आपल्या सोयीने कसंही लावा. सजीवांचं तसं नाही, त्यांचं नातं आधीच ठरलेलं असतं, आपल्याला ते फक्त शोधायचं असतं, आणि दिसण्यावर गेलं की फसायला होतं. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियससारख्या माणसाने १७३५ मध्ये देवमासा माशांत टाकला आणि १७५८ च्या आवृत्तीत उचलून सस्तन प्राण्यांत ठेवला. मगर पालीसारखी दिसते पण तिचं जवळचं नातं पक्ष्यांशी. अळंबी जमिनीतून उगवते म्हणून झाडांत धरायचे, ती आपल्याच जास्त जवळची निघाली. हे शेवटचं ऐकून मागच्या बाकावरून कोणीतरी "काकू" असं म्हणालं आणि तास संपेपर्यंत हसू आवरेना.

नात्यामुळे एकाच गटात बसणं आणि सोयीसाठी एका गटात टाकणं, हा फरक त्या वयात डोक्यात शिरला ते फक्त त्या डब्यामुळे. पुस्तकात त्याला एक वाक्य होतं, तेही परीक्षेला न येणारं.

बाई रिटायर झाल्यावर डबा प्रयोगशाळेतच राहिला आणि पुढच्या बॅचेसनी पण तो वापरला असं ऐकलंय. तर समितीला एक कळवायचंय. खोडरबर जमा करून जो प्रयोग परत केला त्या दिवशी एक पांढरं बटण माझ्या खिशात राहिलं. चुकून नाही, ठेवलेलंच. म्हणजे तेव्हापासून एका पिशवीत २० काळी आणि १९ पांढरी आहेत, आणि आमच्यानंतर ज्यांची बुटकी झाडं सारखी जरा कमी येत राहिली त्यांनी मेंडेलला दोष देऊ नये. समारंभाला येताना बटण घेऊन येतेय, डबा कुठल्या कपाटात आहे तेवढं शोधून ठेवा.