मेणवलीचा घाट आणि पिझ्झ्याचा खोका

एकदा भर एसटीत टर्पेंटाइनची, म्हणजे तैलरंग पातळ करायच्या उग्र वासाच्या द्रवाची, बाटली सॅकमध्ये सांडली. पुढचे दोन तास अख्खी गाडी नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत होती. डब्यातल्या चपात्या गेल्या त्या वेगळ्याच. तेव्हापासून प्रवासात तैलरंग बंद. या डिसेंबरात मात्र पाण्यात मिसळणारे तैलरंग घेऊन वाईला गेलो.

हे जलरंग नव्हेत. तेल जवसाचंच, फक्त पाण्याशी जमवून घेईल असं केलेलं. पाणी उडून जातं आणि तेल आपल्या चालीनं, हवेतला ऑक्सिजन घेत, काही दिवसांनी वाळतं. टर्पेंटाइन लागत नाही, ब्रश साबणानं धुता येतात. ऐकायला झकास!

वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट उतरतो, चंद्रकोरीसारखा वळत. तिथल्या छोट्या देवळीत एक भली मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. 1739 च्या वसईच्या लढाईनंतर मराठ्यांनी आणलेली. मी तिच्याच बाजूला, सावली बघून, इझल उभं केलं.

8 बाय 10 इंचांचा बोर्ड. पातळ बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरी रंगात, आकार मांडून झाले आणि हाताची जुनी खोड जागी झाली. इतकी वर्षं जलरंगात लँडस्केप केल्यामुळे ब्रश दर मिनिटाला पाण्यात. आकाशाचा रंग ताकासारखा दुधाळ झाला, खालचा थर सुटून वर आला, सगळं बोर्डावरून घसरायला लागलं. चिंधीनं पुसून काढलं. मग पाणी फक्त पहिल्या थरापुरतं ठेवलं. वर ट्यूबमधला घट्ट रंग तसाच, फार तर याच रंगांसाठी मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचा एखादा थेंब. शिवाय पाणी घातलेला रंग ओला असताना फिकट दिसतो आणि पाणी उडालं की गडद होतो. सावल्या आधीच काळपट धरल्या असत्या तर घाटाचा कोळसा झाला असता.

आणि घाटाचा दगड काळा नसतोच. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना मिसळत गेलो, तर वरच्या कोरड्या पायऱ्या उबदार राखाडी निघाल्या. खालच्या, जिथं कपडे आपटून दगड ओला झाला होता, तिथं चक्क आकाश उतरलं होतं. त्या तीन पायऱ्यांवर तासभर गेला. तोवर सावली सरकली. देवळाचा कळस आठवणीतून रंगवला, आणि तो तसाच दिसतो.

ब्रश डब्यात खळबळताना बघून कपडे धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अवो, हितं धुवा की. येवढी नदी हाय!"

म्हटलं, यात कोबाल्ट असतं, कॅडमियम असतं, नदीत नको.

"म्हंजी इख की वो! आन् हातानं चोळताय?"

बोटं निळी झाली होती. उत्तर नव्हतं. आता आधी चिंधीनं ब्रश कोरडे पुसतो, उरलेलं गढूळ पाणी झाकणाच्या बरणीत भरून घरी आणतो. गाळ खाली बसला की तो चिंध्यांबरोबर वेगळा बांधून ठेवतो.

ओलं चित्र न्यायचं कसं, याचं उत्तर पिझ्झ्याचा रिकामा खोका. बोर्डाच्या मागे दुहेरी चिकटपट्टी लावून तो तळाशी डकवायचा, झाकण वर अधांतरी राहतं. खोका मांडीवर आडवा धरून परतीच्या गाडीत बसलो. शेजारच्या आजोबांच्या नातवानं तो खंबाटकी घाटापर्यंत टक लावून पाहिला.

"काका, एकच तुकडा."

चित्र आहे, सांगितलं. पटलं नाही. मला डुलकी लागली तेवढ्यात त्यानं झाकण उचलून खात्री करून घेतली असणार. घरी खोका उघडला तर आकाशात उजवीकडे, ढगाच्या जरा खाली, छोट्या अंगठ्याचा ठसा.

आठवड्यानं आकाश वाळलं. ठसा पुसला नाही.