तळं स्वच्छ करायचंय? आधी नाले मोजा

स्वच्छता मोहिमेची हाक दिली की माणसं येतात. ट्रॉलीभर प्लास्टिक निघतं, फोटो निघतात आणि महिनाभरात पाणी पुन्हा हिरवंगार होतं. सांगलीची काळी खण घ्या, मिरजेचा गणेश तलाव घ्या किंवा साताऱ्यातलं मोती तळं. शहराच्या पोटात असलेल्या तळ्याला कचऱ्यापेक्षा सांडपाणी जास्त मारतं. म्हणून लोकांची पहिली मेहनत नाले शोधण्यात जावी.

त्यासाठी एप्रिल-मे उत्तम. आठवडाभर पाऊस नसताना तळ्याभोवती फेरी मारायची. त्या दिवसांत तळ्यात पडणारी प्रत्येक वाहती मोरी बहुधा सांडपाण्याचीच असते. क्वचित फुटलेली नळाची पाइपलाइन निघते. १० लिटरची बादली धारेखाली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजा. २० सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गटारात, असं धरलं तर ही एकच मोरी सुमारे ४०० माणसांचं सांडपाणी तळ्यात सोडते. सकाळी धार मोठी असते, दुपारी बारीक होते. म्हणून दोन्ही वेळा मोजून सरासरी काढा. मोरीचा फोटो, जागा आणि हा आकडा पालिकेच्या अर्जाला जोडला की तिथल्या अभियंत्याला ठोस काहीतरी हातात मिळतं.

उपाय मोठा नसतो. नाल्याच्या तोंडाशी बुटका बंधारा घालून उन्हाळ्यातलं पाणी ड्रेनेजकडे वळवायचं आणि पावसाचा लोंढा वरून तळ्यात जाऊ द्यायचा. बिघडतं ते ड्रेनेजकडे जाणाऱ्या तोंडावरच्या जाळीपाशी. पिशव्या अडकून जाळी तुंबते आणि सांडपाणी भर उन्हाळ्यात बंधाऱ्यावरून तळ्यात उतरतं. वळवायला पंप असेल तर वीज गेल्यावरही तेच. शेजारच्या दोन घरांनी रोज जाळीवर नजर ठेवून ती तुंबली की पालिकेला फोन करायचं मनावर घेतलं तर लाखोंचं बांधकाम वाया जात नाही.

आता पाणी तपासणं. २० सेंटीमीटर व्यासाच्या स्टीलच्या थाळीचे चार भाग करून ऑइल पेंटने आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा. मधोमध भोक पाडून न ताणणारी दोरी ओवा, खाली किलोभर वजन बांधा, दोरीवर दर १० सेंटीमीटरला खूण करा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान होडीच्या सावलीच्या बाजूने थाळी सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी लिहायची. अर्ध्या मीटरच्या आत थाळी गायब होत असेल आणि पाणी हिरवं असेल, तर शेवाळ फार माजलंय.

विरघळलेला ऑक्सिजन मात्र पहाटे, सूर्य उगवण्याआधी मोजा. यात हमखास फसगत होते. हिरवं पाणी दुपारी लिटरला १० मिलिग्रॅमसुद्धा दाखवतं, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ तो खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. दुपारच्या आकड्यावर कुणी ‘पाणी चांगलं आहे’ म्हणालं तर मान्य करू नका. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष किमान ५ मिलिग्रॅमचा आहे. कारंजी असतील तर ती संध्याकाळी पर्यटकांसाठी चालवून बंद करू नयेत. मध्यरात्रीनंतर त्यांची खरी गरज असते.

जलपर्णी फुलण्याआधी काढावी. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. औषध फवारू नका: मेलेली जलपर्णी तळाशी कुजते, ऑक्सिजन ओढून घेते आणि शोषलेलं सगळं पाण्याला परत देते. बांबूच्या तराफ्याने वाऱ्याच्या दिशेने काठाला ढकला आणि ढीग अशा जागी करा की निथळणारं पाणी तळ्यात परतणार नाही. सांडपाण्यावर वाढलेली जलपर्णी जनावरांना घालू नये. नाल्याच्या तोंडाशी गाळात कुणीही उतरू नये. काठावर काम करणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे हवेतच, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका खरा आहे.

विसर्जनाचं म्हणाल तर प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही आणि शाडूही शेवटी गाळच होतो. दोन्हींसाठी कृत्रिम कुंड बरा. माशांना चुरमुरे, पाव टाकणंही थांबवायला हवं. न खाल्लेलं तिथंच कुजतं.

थाळीचं आणि पहाटेच्या ऑक्सिजनचं माप दर पंधरवड्याला होडीच्या तिकीट खिडकीशेजारी फळ्यावर खडूने लिहा, तारखेसह. आकडा घसरला तर त्याच दिवशी नाल्यांची फेरी पुन्हा मारायची.